नागसेनवनातली टिपणे

जूनमध्ये छत्रपती संभाजीनगरात नागसेनवनाच्या रस्त्यानं गेलं की बाप-लेकांच्या जोड्या दिसतात. लेकाच्या पाठीवर बॅग, बापाच्या हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेले कागद. तो ते पावसापासून जपत पोटाशी धरून चालतो.

१९५०. मराठवाडा हैदराबाद राज्यात, स्वतःचं विद्यापीठ मिळायला अजून आठ वर्षं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं तेव्हा इथं कॉलेज उभं केलं. त्याला नाव मिळालं मिलिंद, परिसराला नागसेनवन. नागसेन हा उत्तरं देणारा भिक्खू, मिलिंद हा त्याला प्रश्न विचारणारा राजा. कॉलेजला विचारणाऱ्याचं नाव आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि कॉलेजबरोबर वसतिगृह. खेड्यातल्या पोराला शहरात आधी पाठ टेकायला जागा लागते, मग वर्ग.

आज शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यावर येतात. ओबीसी मुलांना महाज्योती ही संस्था जेईई-नीटच्या तयारीसाठी टॅब देते. विद्यापीठात ‘कमवा व शिका’. योजना कमी नाहीत. पण गावात ही नावं बारावीच्या निकालानंतर कळतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

गेल्या वर्षी एका मुलीचा अर्ज भरायला बसलो होतो. मार्क उत्तम. उत्पन्नाचा दाखला होता, पण त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. आई-वडील ऊसतोडीहून नुकते परतलेले. तहसीलला जायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. एवढ्याशा कागदावर तिचं वर्ष अडलं होतं. शेजारच्या एका शिक्षकानं आपल्या गाडीवर वडिलांना नेऊन नवा दाखला काढून आणला. माझ्या मते कॉलेजपर्यंत पोचवणारा खरा कार्यक्रम म्हणजे असा एक माणूस.

शिष्यवृत्ती कुठलीही असो, मेसवाला दर महिन्याला पैसे मागतो आणि हप्ता उशिरानं येतो. मधल्या महिन्यांत पोरं एक डबा दोघांत खातात. आधी हे मिटलं पाहिजे.

तुमच्या गल्लीत कुणी अकरावी सायन्सला असेल तर आज विचारा: जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत गेला का? नसेल तर सोबत जा. उत्पन्नाचा नवा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवायला सांगा.