मऊ चेंडू

चेंडू हातात आला की पोरं तो अंगठ्याने दाबतात आणि "हवा बरी आहे" म्हणून मोकळी होतात. माझा त्यावर विश्वास नाही. बास्केटबॉलची खरी पारख टप्प्यात. फिबाच्या नियमातही चेंडू साधारण १.८ मीटरवरून सोडून तो किती उसळतो तेच बघतात. आम्ही भिंतीवर पट्टी रंगवून घेतली आहे.

२०२५ च्या एबीयू रोबोकॉन या यंत्रमानव स्पर्धेचा खेळच बास्केटबॉल होता. अंतिम स्पर्धा मंगोलियात, उलानबाटरला. तेव्हापासून बेळगावजवळच्या मच्छेत विद्यार्थ्यांसोबत चेंडू फेकणारं यंत्र बांधताना हवेचा हा प्रश्न सुटता सुटत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. इथल्या पावसाळी गारव्यात ८ पीएसआय भरलेला चेंडू स्पर्धेच्या भारतातल्या फेरीसाठी दिल्लीला नेला, तर बाहेरच्या हवेचा दाब वाढल्याने गेज जवळजवळ १ पीएसआय कमी दाखवतो. तिथल्या उकाड्याने तो तेवढाच पुन्हा चढतो, आणि एसी लावलेल्या हॉलमध्ये परत उतरतो. शिवाय मैदानावरचे चेंडू आयोजकांचे. त्यांना पंप लावायचा अधिकार आपल्याला नाही.

दोन फिरत्या चाकांमधून चेंडू निघतो. तो मऊ असला की पकड बसत नाही, चाक घसरतं आणि चेंडू रिंगच्या अलीकडेच पडतो. पोरं लगेच आरपीएम वाढवतात. मग पुढचा कडक चेंडू बोर्डावरून पार जातो. दोष वेगाचा नसून चाकांमधल्या न बदलणाऱ्या अंतराचा आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून आमच्याकडचे फाउंड्रीवाले पॅटर्नच तेवढा मोठा करतात. लोखंडाशी वाद घालत बसत नाहीत. तसंच आम्ही एक चाक स्प्रिंगवर बसवलं. आता चेंडू कसाही असो, त्यावरचा दाब जवळपास सारखा राहतो. चाकंही जड करून घेतली, म्हणजे एक चेंडू सुटल्यावर वेग फारसा पडत नाही.

सरावाला कडक, बरा आणि मऊ असे तीन चेंडू, खडूने खूण केलेले. एकाच सेटिंगवर तिन्ही रिंगमधून गेल्याशिवाय यंत्र पास नाही.

यंत्राचा टप्पा मारणारा हात मात्र मऊ चेंडूपुढे अजून हरतो. चेंडू गुडघाभर येऊन विरतो आणि हात हवेतच आपटतो. तिथे नुसती स्प्रिंग पुरणार नाही. उसळी मोजून पुढचा धक्का ठरवणारा सेन्सर लागेल. सध्या पोरं त्याच्याच मागे आहेत.