काळ्या डबीतलं प्लास्टिक

निवृत्तीनंतर हौसेने थ्रीडी प्रिंटर घेतला, तेव्हा मला प्लास्टिकचे दोनच प्रकार माहीत होते: बादलीचं आणि पिशवीचं. दुकानदाराने विचारलं, "पीएलए देऊ, एबीएस, की नायलॉन?" मी म्हणालो, "चांगलं असेल ते द्या." तो हसला. "छापणार काय, ते सांगा आधी."

पीएलए उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून होतं. (जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने अशा जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारलाय, खंडोबाच्या गावात भंडाऱ्याशेजारी हेही!) छापायला सगळ्यांत सोपं, पण साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलं, तर वाकणारच. एबीएस शंभराच्या जवळपास तग धरतं, मात्र छापताना कोपरे उचलतं. नायलॉनचे गिअर झिजायला चिवट, पण नायलॉन हवेतली ओल पितं. पावसाळ्यात रीळ उघडं राहिलं की छापताना तडतडतं.

एवढं कसंबसं पचलं होतं, तोच फिजिक्सवाली भाची आली. "मामा, एक काळी डबी छापून दे. आत अजिबात उजेड जाता कामा नये." डबीत ठेवायची होती पाच सेंटिमीटर चौरस, सेंटिमीटरभर जाडीची, काचेसारखी पारदर्शक वडी.

"हे काय गं?"

"डिटेक्टर. प्लास्टिकच आहे."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती वडी पॉलिस्टायरीनच्या जातीची होती, आणि तिच्यात थोडी रसायनं विरघळवलेली. किरणोत्सारातला किंवा अवकाशातून आलेला वेगवान कण आरपार गेला, की ती नॅनोसेकंदांपुरती निळसर चमकते. ती चमक इतकी क्षीण की डबीला सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी खोलीतला उजेड तिला गिळून टाकतो. म्हणून भिंती जाड छापायच्या, सांध्यांना वरून काळी टेप. शिवाय ताकीद: उघड्या बोटांनी धरू नकोस, तेलाने पृष्ठभागाला बारीक तडे जातात, आणि ॲसिटोन जवळही आणू नकोस. एबीएस गुळगुळीत करायला आम्ही छापणारे तेच तर वापरतो!

ऊटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात अशाच, पण प्रत्येकी चौरस मीटरच्या, सुमारे ४०० डिटेक्टरांची शेती आहे. त्यांचं प्लास्टिकही तिथेच बनवलेलं. माझा चष्माही यातून सुटला नाही. त्याच्या भिंगांचं सीआर-३९ हे प्लास्टिक रेडॉन मोजायला वापरतात: अल्फा कण त्यावर ओरखडे उमटवतात, ते कॉस्टिक सोड्यात कोरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे.

समुद्रसपाटीला आडव्या चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन (अवकाशातून आलेल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारा वेगवान कण) पडतो. भाचीच्या वडीतून म्हणजे मिनिटाला पंचवीसच्या आसपास, घराच्या छपरातूनसुद्धा.

तुम्हीही करून बघणार असाल, तर काळी टेप पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते. बॅटरीसमोर धरून बघा. पलीकडे जराही उजेड दिसला, तर घेऊ नका.