छोट्या सभागृहाचा ग्रँड

शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या सभागृहासाठी बेताच्या पैशांत ग्रँड पियानो घ्यायचा म्हटलं, की पहिली नजर जाते नव्याकोऱ्या बेबी ग्रँडकडे. जागा लहान, म्हणून वाद्यही लहान. हा हिशेब मला पटत नाही. पियानोच्या लांबीवर आवाजाच्या मोठेपणापेक्षा खर्जाचा खरेपणा जास्त अवलंबून असतो. सर्वांत खालच्या पट्टीची कंपनं सेकंदाला 27.5. यामाहाच्या जीबी1के या 151 सेंटिमीटर लांबीच्या पियानोत एवढा खालचा सूर आखूड तारेतून काढायचा, तर तिच्यावर तांब्याची तार गुंडाळून तिला जड करावं लागतं. आखूड आणि जाड तार ताठ होते, आणि ताठ तारेतले उपस्वर असायला हवेत त्याहून चढे निघतात. मूळ सूर जेमतेम उरतो, ऐकू येतो तो उपस्वरांचा गढूळ गुंता. ट्यूनर कितीही तयारीचा असो, तिथे तो तडजोडच करू शकतो. त्याच कंपनीचा सी3 हा 186 सेंटिमीटरचा. या 35 सेंटिमीटरांत डाव्या हाताला पाया मिळतो. शुबर्टच्या संथ भागात खालचा एकच सूर वरच्या सगळ्या सुरावटीला तोलून धरतो. म्हणून नव्या आखूड पियानोपेक्षा वापरलेला, पण 180 ते 190 सेंटिमीटरचा जपानी पियानो घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

एवढ्याशा जागेत तो कानठळ्या बसवेल, ही भीती नेहमी ऐकू येते. पण कर्कशपणा बहुधा हॅमरच्या फेल्टमधून येतो. वर्षानुवर्षं तारेवर आपटून फेल्ट दगडासारखा दबतो, त्यावर तारांच्या खाचा पडतात. जाणकार कारागीर तो घासून, सुया टोचून पुन्हा मऊ करतो; शिवाय झाकण अर्धंच उघडायची सोय असतेच. तारेची लांबी मात्र कुणालाच वाढवता येत नाही.

वापरलेल्या वाद्यात धोका असतो, ही शंका मात्र रास्त आहे. सव्वादोनशेच्या आसपास तारांचा मिळून कित्येक टनांचा ताण असतो, आणि प्रत्येक तारेची खुंटी पिनब्लॉकच्या लाकडात निव्वळ घर्षणाने धरलेली असते. म्हणून चकाकणारं पॉलिश बाजूला ठेवून आपल्या ट्यूनरला खुंट्यांना किल्ली लावून बघू द्यावं. चांगली खुंटी घट्ट, एकसारखी फिरते आणि सोडली तिथेच थांबते. सैल खुंटी हाताला लगेच कळते. ती सूर धरत नाही, आणि पिनब्लॉक बदलायचा खर्च स्वस्ताईचा सगळा फायदा खाऊन टाकतो. नामांकित युरोपीय कंपनीचा जुना पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी तर ही तपासणी आधी करावी.

किनाऱ्यावरच्या शहरांत आणखी एक खर्च धरावाच लागतो. पावसाळ्यात साउंडबोर्डचं लाकूड ओल पिऊन फुगतं आणि सूर चढतो; कार्यक्रमापुरता एसी लावला की तेच लाकूड सुकायला लागतं आणि सूर उतरतो. ही रोजची ओढाताण सततच्या दमटपणापेक्षाही वाईट. कावाई ही जपानी कंपनी हॅमर हलवणाऱ्या यंत्रणेचे काही भाग लाकडाऐवजी एबीएस प्लास्टिकचे करते, ते आपल्या हवेत उपयोगी पडतं. साउंडबोर्ड मात्र त्यांचाही लाकडाचाच. तेव्हा सगळे पैसे वाद्यावर न घालवता डीह्युमिडिफायर, हायग्रोमीटर आणि ट्यूनरच्या वर्षभराच्या फेऱ्या यांची तरतूद खरेदीच्याच अंदाजपत्रकात करावी, आणि एसीचा झोत थेट पियानोवर येणार नाही अशी जागा आधी ठरवावी.