तळमजला, ओटा आणि म्हातारपण

शिरपुरात गरीब वृद्धांसाठी घरे आखताना क्षेत्रफळाआधी ऊन मोजावे लागते. मे महिन्यात इथला पारा 44-45 अंशांना टेकतो. जुन्या खानदेशी घराचे मातीचे धाबे हे ऊन वरच अडवत असे. पण दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकून चोपावी लागे आणि सत्तरीतल्या माणसाला ते झेपत नाही. घरकुलावर म्हणून काँक्रीटचा स्लॅब आला. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर घर तापवतो. स्लॅबवर चुन्याचा हात, पश्चिमेला कडुनिंब आणि समोरासमोर खिडक्या हे उपाय स्वस्त आहेत, तरी नकाशात क्वचितच दिसतात.

दुसरे माप पैशाचे. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन 2023 मध्ये 1,000 वरून 1,500 रुपये झाले. एवढ्यात औषधपाणी भागवणाऱ्याकडून लिफ्टचे बिल वा देखभाल शुल्क निघणे शक्य नाही. त्यामुळे अशी घरे तळमजल्यावरच हवीत. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी दुर्बल घटकासाठी 30 चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती आणि खालचे मजले देताना ज्येष्ठांना प्राधान्य द्यावे असेही म्हटले होते. एकट्या म्हातारीला 30 चौरस मीटर पुरतात. अडते ते जोत्यापाशी. पावसाच्या पाण्यासाठी जोते 45 सेंटिमीटर उचलले, तर एकास बारा या उताराने रॅम्प 5.4 मीटर लांब होतो. जागा वाचवायला तो निम्मा केला की चाकाची खुर्ची चढत नाही आणि काठी घसरते. असा रॅम्प केवळ कागदापुरता असतो. त्यापेक्षा जोते बेताचे ठेवून अंगणालाच उतार देणे बरे.

खरी कसोटी रात्री, खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर लागते. ती वाट घरातूनच जावी, मध्ये उंबरा नसावा, दिव्याचे बटण झोपल्या जागी हाताला लागावे. फरशी खरखरीत, कमोडशेजारी भिंतीत पक्की बसवलेली दांडी आणि दार बाहेर उघडणारे. आत माणूस पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. चकचकीत टाइल्स उद्घाटनाच्या फोटोत शोभतात, मोडलेले खुबे पुढे कोणी मोजत नाही.

स्वयंपाकघरात उभ्याच्या ओट्याबरोबर बसून भाकरी थापण्याइतकी मोकळी जमीनही हवी. आणि दारापुढचा ओटा तर खर्चकपातीत पहिला उडतो, पण म्हातारपणी माणसाचे निम्मे घर तोच असतो. तिथे बिबडे-पापड वाळतात, लसूण सोलला जातो, कोण आजारी आहे ते कळते. शिरपूरवरून जाणाऱ्या आग्रा रोडवरच पुढे इंदूर लागते. तिथल्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी गरिबांच्या घरांना ओटे दिले. या वसाहतीला 1995 मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. तिथला ओटा शोभेचा नव्हता.

राहिली जागा. ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्यात किमान 150 निराधारांचा एक तरी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. ज्यांना कोणीच नाही, त्यांच्यासाठी तो असावाच. ज्यांना गल्ली आहे, त्यांना मात्र गावाबाहेर स्वस्त जमीन मिळाली म्हणून हलवू नये. रेशन दुकान, बँक आणि सरकारी दवाखाना पायी गाठता येईल अशा जुन्या वस्तीतच सहा-आठ घरांचे छोटे गट बांधावेत. जमीन महाग पडेल, पण रिक्षाचे भाडे वाचेल आणि शेजारही टिकेल.