मधल्या माणसांचे काय?

‘द हँडमेड्स टेल’ ही अमेरिकन मालिका २०१७ साली सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये सहाव्या पर्वाने संपली. मार्गारेट अ‍ॅटवूड या कॅनडाच्या लेखिकेची १९८५ सालची कादंबरी तिच्या मुळाशी आहे. अमेरिकेत सरकार उलथवून ‘गिलियड’ नावाची धर्मसत्ता येते आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना कमांडरांच्या घरी दासी म्हणून ठेवले जाते. जून ही त्यांतलीच एक, कथेची नायिका.

नायिका कोण, खलनायक कोण, यावर आमच्या घरी वाद झाला नाही. वाद झाला तो मधल्या माणसांवरून. हा मनातून चांगला की वाईट? आमची पदवीला असलेली कन्या एक म्हणे, आम्ही दुसरे.

निकचेच पाहा. तो कमांडरचा ड्रायव्हर, गुप्तहेर आणि जूनचा प्रियकरही. कादंबरीत तो तिला सोडवतो की पकडून देतो, हे शेवटपर्यंत कळत नाही. मालिकेने मात्र त्याचा मागचा काळ दाखवला. तो बेकार होता. नोकरी मागायला गेला, तिथल्या माणसाने कॉफी पाजली, आपुलकीने विचारपूस केली आणि संघटनेत ओढले. आम्ही वस्तीत काम करतो. रिकाम्या हातांच्या पोरांना कोण आधी जवळ करते, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. म्हणून निकची दया येते. पण शेवटच्या पर्वात जीव वाचवण्यासाठी त्याने बंडखोरांचा बेत फोडला आणि कितीतरी स्त्रिया मारल्या गेल्या.

दुसरे कमांडर लॉरेन्स, अर्थशास्त्रज्ञ. विषारी मातीत स्त्रियांना मरेपर्यंत राबवणाऱ्या वसाहती ही त्यांच्याच डोक्यातली योजना. पुढे ८६ मुले विमानाने कॅनडाला पळवली गेली, त्यातही त्यांचा हात होता. तिसऱ्या आंट लिडिया. त्या पूर्वी शिक्षिका होत्या. दासींना ‘माझ्या मुली’ म्हणत त्यांना छळणाऱ्या. शेवटी त्याही मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या.

मग यांना काय म्हणावे? आम्ही वाणिज्य शाखेचे. मनातली रक्कम खतावणीत चढत नाही, प्रत्यक्ष व्यवहार झाला तरच चढते. लॉरेन्सना पश्चात्ताप होता की नाही, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. वसाहती मात्र कागदावर आल्या आणि उभ्या राहिल्या. वाचलेली मुले त्यांच्या जमेला जरूर धरावीत. पण त्या रकमेतून वसाहतीत मेलेल्या स्त्रिया वजा होत नाहीत. दोन्ही नोंदी कायम राहतात.

आमच्या मनात घर करून बसला तो मात्र फार छोटा माणूस. जूनच्या कचेरीचा साहेब. स्त्रियांची बँक खाती गोठवली जातात, त्याच दिवशी तो सगळ्या स्त्रियांना कामावरून कमी करतो. दाराशी बंदूकधारी उभे. तो रागावत नाही, उलट ओशाळलेला असतो. कायदाच तसा झाला, आपला इलाज नाही, असे सांगतो. संध्याकाळी जूनचा नवरा ल्यूक तिला धीर देतो की, मी सांभाळीन तुला. आमची कन्या या वाक्यावर चिडली. “बाबा, तिला सांभाळायला नको होतं, तिचे पैसे हवे होते!” म्हणाली. बचत गटातील भगिनींची खाती उघडून देण्यासाठी आम्ही बँकेत खेपा घालतो. स्वतःच्या नावाचे पासबुक हातात पडल्यावर बाईची मान कशी ताठ होते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून कन्येचे म्हणणे आम्हांस पटले.

बंधू-भगिनींनो, हुकूम देणारे थोडे असतात. याद्या टाईप करणारे, शिक्के मारणारे, निरोप सांगणारे आपल्यासारखेच कारकून असतात. ते बहुतेक वाईट नसतात. त्यांना हप्ते असतात, मुलांच्या फिया असतात. भीती आम्हांसही वाटते. दाराशी बंदूक असताना आम्ही काय केले असते, याचे उत्तर छाती ठोकून देता येत नाही. परंतु बंदूक दाराशी येण्याआधी पुष्कळ कागद टेबलावरून गेलेले असतात. तेव्हा एखादा कागद अडवता येतो, लेखी हरकत घेता येते, ज्या बाईचे नाव यादीत आहे तिला आधी सांगता येते.

चांगला की वाईट, हा वाद कन्येशी अजून मिटलेला नाही. टेबलावर आलेला कागद नीट वाचून मगच सही करायची, एवढे मात्र आम्ही दोघांनी मान्य केले आहे.