लकडगंजातून सशाच्या मागावर

बालमित्रांनो, नागपूरच्या नकाशावर लकडगंज शोधा पाहू. सापडत नसेल तर आधी इतवारी स्टेशन शोधा, मग सेंट्रल एव्हेन्यू. या दोहोंच्या शेजारीच लकडगंज आहे. ‘लकड’ म्हणजे लाकूड आणि ‘गंज’ म्हणजे बाजार. नावातच सगळं आलं! नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एका झोनचं नावही लकडगंजच आहे. २०२२ च्या डिसेंबरपासून इथल्या सेंट्रल एव्हेन्यूवरून मेट्रो धावते.

पण आपण मेट्रोने नाही, पायी फिरू या. लाकडाच्या टालींजवळ आलात की आधी तुमचं नाक तुम्हाला सांगेल, ‘आलो बरं का!’ ओल्या भुशाचा आणि नुकत्याच चिरलेल्या सागवानाचा वास येतो. मग कान सांगतील. आरा मशीन सुरू झाली की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. भिंतीला टेकून फळ्या उभ्या असतात. दारांच्या चौकटी, पाट्या, बल्ल्या, ओंडके, सगळ्यांची मोजणी घनफुटात होते. हल्ली इथे परदेशातून आलेलं लाकूडही दिसतं. पण मान आहे तो अजूनही आपल्या सागवानालाच, त्यातही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहूनच सागवान गेलं होतं.

एखाद्या ओंडक्याचं कापलेलं तोंड नीट बघा. एकात एक वर्तुळं दिसतील. साग पावसाळ्यात झपाट्याने वाढतो आणि कोरड्या दिवसांत थांबतो, म्हणून दरवर्षी एक कडं उमटतं. बाहेरून आत मोजत जा. हे तुमच्या जन्माचं कडं, हे आईबाबांच्या जन्माचं, हे आजोबांच्या. अगदी मधला ठिपका म्हणजे बोटाएवढं रोपटं! ते रोपटं उभं होतं तेव्हा त्याच्या आसपास कोण हिंडत असेल? वाघ, सांबर, रानगवा... आणि त्यांच्या मागावर शिकारी.

आज आपल्याला अशाच शिकाऱ्यांच्या गोष्टी ऐकायच्या आहेत. सावजामागे धावता धावता भलत्याच जगात जाऊन पोचलेल्या शिकाऱ्यांच्या.

दूरदेशीची एक गोष्ट

पहिली गोष्ट आपल्याकडची नाही. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. तिथल्या जुन्या कथांच्या हस्तलिखित पोथ्या चौदाव्या शतकातल्या आहेत. कथा त्याहूनही जुन्या. त्यातल्या पहिल्याच कथेत डवेड प्रांताचा राजा प्विल शिकारीला निघतो. रानात तो आपल्या माणसांपासून चुकतो. तेवढ्यात त्याला दिसतं, की भलत्याच कुत्र्यांनी एका हरणाला लोळवलं आहे. ती कुत्री पांढरीशुभ्र आणि त्यांचे कान लालभडक! प्विलने काय करावं? त्याने ती कुत्री हाकलली आणि त्या हरणावर आपली कुत्री सोडली.

म्हणजे दुसऱ्याची शिकार सरळ लाटली की नाही?

तेवढ्यात राखाडी कपड्यातला एक घोडेस्वार समोर आला. तो होता आराउन, आनून नावाच्या अदृश्य जगाचा राजा. तो म्हणाला, ‘असा उद्धटपणा मी कुठे पाहिला नाही.’ प्विल खजील झाला. भरपाई म्हणून काय करू, असं त्याने विचारलं. आराउनने अट घातली. दोघांनी एक वर्ष एकमेकांचं रूप घ्यायचं. प्विलने आनूनमध्ये राज्य करायचं आणि वर्षाच्या शेवटी आराउनच्या वैऱ्याशी, हावगानशी लढायचं. मात्र घाव एकच घालायचा! दुसरा घाव बसला तर हावगान पुन्हा ठणठणीत होणार.

प्विल गेला. तिथे सोन्याची भांडी होती, मेजवान्या होत्या, सगळे त्यालाच राजा समजत होते. त्याने कशाचाही गैरफायदा घेतला नाही. लढाईच्या रात्री एका घावात हावगान कोसळला आणि ‘आता मला पुरता मारून टाक’ असं विनवू लागला. प्विलने दुसरा घाव घातला नाही.

वर्षाने तो घरी परतला आणि आपल्या सरदारांना विचारलं, ‘यंदा माझा कारभार कसा होता?’ ते म्हणाले, ‘महाराज, इतका चांगला कधीच नव्हता!’ आता खरी परीक्षा होती. गप्प बसला असता तर सगळं श्रेय त्यालाच मिळालं असतं. पण प्विल म्हणाला, ‘तो मी नव्हतोच,’ आणि त्याने सगळी हकीकत सांगितली. सरदारांनी एवढंच मागितलं, की पुढेही कारभार असाच चालू दे.

आपल्या झरपटकाठचा राजा

आता लकडगंजातून दक्षिणेला चला. नागपूरहून चंद्रपूर सुमारे दीडशे किलोमीटर. रेल्वेने गेलात तर सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा, भांदक ही स्टेशनं लागतात. पूर्वी इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेजची छोटी गाडीही होती. चंद्रपूर जिल्ह्याच्या रानाकडे ती डुलत डुलत जायची. २०१९ साली रूळ रुंद करण्यासाठी ती बंद झाली.

या सगळ्या मुलखावर एकेकाळी गोंड राजांची राज्यं होती. आपलं नागपूर शहर वसवलं तेही देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ साली. चांद्याचं गोंड घराणं वेगळं. त्यातल्या खांडक्या बल्लाळशहाची ही गोष्ट. काळ पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध. राजधानी वर्धा नदीच्या काठी, बल्लारपूरला.

राजाच्या अंगावर गळवं उठली होती. वैद्य झाले, लेप झाले, पण गुण येईना. राणी मात्र कंटाळली नाही. ती त्याची सेवा करत राहिली.

एक दिवस राजा शिकारीला निघाला. हिंडता हिंडता तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं पडलेलं. एका खडकाच्या भोकातून थोडं पाणी झिरपत होतं. राजा घोड्यावरून उतरला, पाणी प्यायला, हातपाय तोंड धुतलं आणि घरी आला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी! सकाळी राणी बघते तो काय, गळवं बरीच सुकलेली.

‘काल कुठे गेला होतात?’ राणीने विचारलं. मग दोघंही त्या जागी गेली. गवत उपटलं, वाळू उकरली, तर खाली खडकात गाईच्या खुरांचे पाच ठसे! पाचही पाण्याने भरलेले. कितीही उपसा, पाणी आटत नाही. राजाने तिथे स्नान केलं आणि तो बरा झाला. रात्री स्वप्नात त्याला देवाचं दर्शन झालं. तिथेच अंचलेश्वराचं मंदिर उभं राहिलं.

मंदिराचं काम बघायला राजा येऊ लागला. अशाच एका फेरीत त्याने एक अजब प्रकार पाहिला. झुडपातून एक ससा उडी मारून निघाला आणि राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. हो, तुम्ही बरोबर वाचलंत! कुत्रा पुढे, ससा मागे. कुत्रा भला मोठा वळसा घेत पळत होता आणि ससा काही पिच्छा सोडत नव्हता. कधी नागमोडी, कधी सरळ. राजा घोड्यावरून बघतच राहिला. शेवटी कुत्रा उलटला, झटापट झाली आणि ससा मेला. राजाने जवळ जाऊन पाहिलं, तर सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका. जणू चंद्रच!

घरी येऊन त्याने हे राणीला सांगितलं. राणी म्हणाली, ‘हा शुभशकुन आहे. ससा जिथून जिथून धावला, तिथून तट बांधा आणि आत शहर वसवा. मात्र ससा सरळ धावला ती जागा आणि मेला ती जागा जपा. तिथे बुरूज भक्कम हवेत. पुढे कधी धोका आला, तर तो तिथूनच येईल.’

अशा रीतीने चंद्रपूर वसलं, असं सांगतात. इंग्रजांच्या काळात त्याला ‘चांदा’ म्हणत. १९६४ साली पुन्हा चंद्रपूर हे नाव मिळालं.

तटावर चढून पाहा

ही दंतकथा आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. पण तट खराच आहे. तो एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही. खांडक्याच्या वंशजांनी तो पूर्ण केला. घेर सुमारे अकरा किलोमीटर. चार मोठे दरवाजे आहेत: जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचं राजचिन्ह. चार दरवाजांवर तो कुठे कुठे दिसतो, ते मोजत जा.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून हा तट फोडला. नंतर झाडाझुडपांनी तो गिळायला घेतला. पिंपळाची मुळं दगडांत शिरली, कचरा साचला. मग २०१७ साली चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’ संस्थेतल्या तरुणांनी हातात कुदळी, विळे आणि घमेली घेतली. रोज सकाळी येऊन त्यांनी बुरूज मोकळे केले. शेकडो दिवस हे काम चाललं. त्या तरुणांनी सशाची वाट पुन्हा चालण्याजोगी केली, असंच म्हणायला हवं.

अंचलेश्वराच्या आवारात गोंड राजांच्या समाध्याही आहेत. त्यातली बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधवून घेतली. बघा, चंद्रपूरच्या गोष्टीत राण्या मागे नाहीत!

पाण्याखालचं जग

आणि आनूनसारखं अदृश्य जग? तेही आपल्याकडे आहे. चंद्रपूरच्या उत्तरेला ताडोबाचं तळं आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात. एक लग्नाचं वऱ्हाड रानातून जात होतं. सगळे तहानेने व्याकूळ झाले. एका विलक्षण म्हाताऱ्याने सांगितलं, ‘नवरानवरीने मिळून खणावं.’ त्यांनी खणलं आणि असा लोंढा उसळला, की सगळं वऱ्हाडच बुडालं. पण ते संपले नाहीत. पाण्याच्या तळाशी त्यांच्यासाठी देऊळ उभं राहिलं. शांत रात्री आतून वाजंत्री ऐकू येते, असं जुनी माणसं सांगत.

यात्रेकरूंना स्वयंपाकाला भांडी लागली, की त्यांनी काठावर उभं राहून मागायची. भांडी पाण्यातून वर येत. जेवणं झाली, की घासूनपुसून परत ठेवायची. एकदा एका माणसाला मोह झाला. त्याने भांडी घरी नेली. त्याच्या घरातून ती नाहीशी झाली, आणि त्या दिवसापासून तळ्याने कुणालाच भांडी दिली नाहीत.

याच काठावर तारू नावाच्या गावप्रमुखाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना तो मेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडलं, असं मानतात.

आता या गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. प्विलने दुसऱ्याची शिकार घेतली, त्याला वर्षभर भरपाई करावी लागली. भांडी चोरणाऱ्यामुळे सगळ्यांचंच नुकसान झालं. खांडक्याला रानाने पाणी दिलं, आरोग्य दिलं, शहराचा नकाशासुद्धा दिला. रान हे आपल्या मालकीचं नाही, तिथे आपण पाहुणे आहोत, हेच तर वेल्सचे आणि विदर्भाचे आजी-आजोबा एकमेकांना न भेटता सांगत होते!

पुढे कायद्यानेही तेच सांगितलं. ताडोबात १९३५ साली शिकार बंद झाली. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर शिकारीला आळा घातला. आज तिथे बंदूक नाही, कॅमेरा घेऊन जायचं.

मग राहिलं लकडगंज. तिथला सागवानाचा ओंडकाही रानातूनच आलेला आहे, नाही का? घरात दार हवं, बाक हवा, पलंग हवा, तर लाकूड लागणारच. पण तोडलेल्या झाडाच्या जागी रोप लावायचं, आणि एकदा केलेलं दार तीन पिढ्या वापरायचं, हे आपल्या हातात आहे. भांडी घासूनपुसून परत ठेवण्यासारखंच आहे हे.

तेव्हा दोस्तांनो, या सुट्टीत दोन कामं करा. घरातलं सगळ्यांत जुनं लाकडी सामान कोणतं आणि ते कुणी करवून घेतलं, हे आजीला विचारा. आणि चंद्रपूरला गेलात, तर तटावरून थोडं तरी चाला. चालताना कुठे वाट सरळ होते, कुठे नागमोडी, त्याकडे लक्ष ठेवा. सरळ वाट लागली, की आपल्या भावंडांना विचारा, ‘सांगा, इथून कोण धावलं होतं?’