गळ, गोळी आणि आमची मालवणची बोट



दिवाळीनंतर मुलाने मालवणला जायचं ठरवलं. दहा जणांचं कुटुंब, म्हणून अख्खी बोटच घ्यायची, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या वेळेवर अवलंबून राहायला नको. सिंधुदुर्ग किल्ला, त्याच्याजवळच स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून पाण्यावर तरंगत खालचं बघायचं. नात बारावीला सायन्सला आहे, नातू आठवीत. दोघं हरखून गेले होते.

मोबाईलवर आलेला कार्यक्रम मुलाने वाचून दाखवला. शेवटची ओळ होती, "अर्धा तास गळाने मासेमारी, सामान आमचं."

माझ्या हातातलं काम थांबलं. मुलगा म्हणाला, "आई, आपण थोडेच टाकणार गळ? त्यांची माणसं टाकतील, आपण नुसतं बघू." मी म्हटलं, "कृत, कारित, अनुमोदना. पाठशाळेत तुला तिन्ही पाठ होती. पैसे देऊन बघणं यातल्या कशात बसतं, तूच सांग." तो गप्प बसला. नातवाचा चेहरा मात्र पडला. त्याला गळ टाकायचाच होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी स्वतःच बोटवाल्याला फोन लावला. आता लिहिताना लाज वाटते, पण खरं ते सांगते. मी त्याला म्हणाले, "आम्ही जैन आहोत. असलं पाप आमच्यात चालत नाही. ते काढून टाका." पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "बरं मावशी, काढतो." पैसेही त्याने आपणहून कमी केले.

मग तयारी सुरू झाली. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. आधी तिथी पाहिली, अष्टमी-चतुर्दशी टाळली. वेळ सकाळची घेतली. तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो, आणि थंडीत दिवस लवकर मावळतो म्हणून संध्याकाळचं जेवणही वेळेत होतं. बरोबर दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि राजगिऱ्याचे लाडू. पाणी पहाटे गाळून उकळून घेतलं, म्हणजे चोवीस तासांची चिंता नाही. बोटीत बसण्याच्या दोन तास आधी हलकं खाणं, त्यानंतर काही नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. बोटीत मधल्या भागात बसावं आणि नजर लांब क्षितिजावर ठेवावी.

चष्मा त्या काचेच्या आत बसत नाही. केस आत अडकले तर पाणी शिरतं, म्हणून घट्ट वेणी. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा, याचा सराव मुलांनी घरी नाक धरून केला. लाइफ जॅकेट मापाचं आहे का, सगळे पट्टे लागतात का, हे किनाऱ्यावरच पाहायचं. पोहता येणाऱ्यानेही ते घालायचंच.

नातीने अंगभर, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यायला लावले. उन्हासाठी चोपडायच्या काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला बाधतात, असं तिने सांगितलं. आपल्या शास्त्रात प्रवाळ पृथ्वीकायात मोजलं आहे. तिच्या पुस्तकात प्रवाळ म्हणजे हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. आम्ही दोघी थोडा वेळ वाद घातला, पण त्यावर पाय ठेवायचा नाही, तोडायचं नाही, शिंपलेही उचलून आणायचे नाहीत, यावर एकमत झालं.

आदल्या रात्री मी कणीक मळून बारीक गोळ्या करत बसले होते. लहानपणी तळ्याकाठी आजीबरोबर माशांना गोळ्या घालायला जायचे. जीवदया म्हणून किती पिढ्या आपल्या बायका हे करत आल्या. वाटलं, गळ तर बंद केला, आता त्या जिवांना दोन घास आपल्या हातचे.

नात शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, काही लोक मासे जवळ यावेत, फोटो चांगले यावेत म्हणून तिथे पाव आणि बिस्किटं टाकतात. ते माशांचं अन्न नाही. ते पोट भरून घेतात आणि शेवाळ खायचं सोडतात. मग प्रवाळावर शेवाळ वाढतं." मी म्हटलं, "माझी कणीक घरची आहे." ती हसली नाही. हळूच म्हणाली, "आजी, गळालासुद्धा कणकेची गोळी लावतात."

मैत्रिणींनो, मी बी.कॉम. झालेली बाई, घरचा हिशोब चाळीस वर्षं लिहिते आहे. पण ही रक्कम मी आयुष्यभर जमेच्या बाजूला धरली होती. माणसाच्या हातून गोळी खायची सवय लागलेला मासा उद्या कुणाच्या गोळीला तोंड लावेल? मी त्या कणकेच्या सकाळी पोळ्या लाटल्या.

सकाळी जेटीवर बोटवाला भेटला. माझ्या मुलाच्याच वयाचा. त्याने प्रत्येकाच्या जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. माझा हात धरून, "सावकाश, मावशी" म्हणत मला आत बसवलं. फोनवरचा एक शब्दही त्याने मनात ठेवलेला दिसला नाही. वाटेत बोलता बोलता म्हणाला, त्याचे वडील अजून मासेमारीला जातात. 1 जून ते 31 जुलै मात्र जाळी बंद, तो माशांच्या विणीचा काळ. मी म्हटलं, "म्हणजे समुद्राचाही चातुर्मासच की!" तो खूप हसला.

किल्ल्याच्या तटाकडे बघताना मला तंदुल मत्स्याची गोष्ट आठवली. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. एकही जीव मारत नाही, नुसते वाईट भाव करतो आणि सातव्या नरकात जातो. माझ्या हाताने एकही मासा मेला नव्हता. पण एका कष्टाळू माणसाला मी फोनवर पापी ठरवून मोकळी झाले होते. गळ नको हे सांगणं बरोबरच होतं, आजही तेच सांगेन. पण नकार देताना समोरच्याच्या घासाला पाप म्हणायची गरज नव्हती. "दादा, त्या दिवशी मी जरा तोडून बोलले," असं मी त्याला म्हटलं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मावशी, तुम्ही आधी सांगितलंत ते बरं केलंत. कुणी कुणी बोटीत बसल्यावर भांडतात."

मी पाण्यात उतरले नाही. माझं ब्लड प्रेशर आहे, शिवाय कुणीतरी टॉवेल धरून बसायलाही हवं. मुलं उतरली. वीस मिनिटांनी नातू वर आला, काच कपाळावर सरकवली आणि धापा टाकत म्हणाला, "आजी, एक पिवळा मासा माझ्याकडे बघत होता. खूप वेळ. मी हललोच नाही."

गळाची गोष्ट त्याने परतीच्या वाटेवर काढली नाही. मीही काढली नाही. उरलेले लाडू बोटवाल्याला दिले.

तुम्ही जाल तेव्हा बोट ठरवतानाच सगळं विचारून घ्या, कार्यक्रमाची शेवटची ओळसुद्धा वाचा. नको ते नको म्हणा. फक्त आवाज मऊ ठेवा.

जय जिनेंद्र.